कंदील

कुपवाडला, कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात,
पाण्याच्या कूलरवर माझा फोटो लावलाय.
श्रेणिक मगदूम, यंदाचा स्टार कर्मचारी.
कोपऱ्यात सोनेरी चांदणी,
चौथीत शुद्धलेखनाला मिळायची तसली.
पाणी प्यायला येणारा आधी माझ्याकडे बघतो
आणि मग ग्लास जरा जास्तच विसळतो.

त्या दिवशी नारळ दिला, शाल दिली,
भिंतीवरचं घड्याळ दिलं, सेलशिवाय.
साहेब माईकवर म्हणाले, मगदूमसारखे चार असते
तर बाकीचे चाळीस घरी पाठवले असते.
टाळ्या वाजल्या.
त्या चाळिसांनीच वाजवल्या.

तेव्हापासून मी टपरीवर गेलो
की गप्पा हवापाण्यावर येतात.
अल्ताफ मुजावर, ज्याच्या स्प्लेंडरवर मागं बसून
मी सहा वर्षं मिरजेहून आलो-गेलो,
परवा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं."
तुम्ही.

बेदाण्याचा लॉट सापडत नाही, मगदूमला सांग.
तासगावचा व्यापारी शिव्या घालतोय, मगदूमला दे.
रात्री दोनला चार नंबरच्या चेंबरचं टेम्परेचर चढतं
आणि माझ्या उशाशी फोन थरथरतो.
मेव्हण्याच्या लग्नाला रजा मागितली
तर साहेब हसले, "तुला सोडून कसं चालंल रे?"
सुपरवायझरची जागा निघाली
तेव्हाही हेच वाक्य, हेच हसू.
जागा कराडच्या एका पोराला मिळाली.
त्याला काम मी शिकवतोय.

एकदा हळदीची वीस पोती भलत्याच खात्यावर चढवली.
दुसऱ्या कुणाची चूक खोडरबरानं गेली असती.
माझी संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचली,
पोरगा पास झाल्याचे पेढे वाटावेत तशी.

ऑगस्टात अमोनियाचा वास सुटला.
सगळे पळत अंगणात.
साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, "मगदूम आहे ना? त्याला पाठवा."
ओला रुमाल नाकाला धरून मी आत गेलो.
आणि खोटं कशाला बोलू,
नाव घेतलं म्हणून बरंच वाटलं.

वॉल्व्ह आवळताना आण्णा आठवले.
हरिपूरला हळदीची पेवं उघडायचे ते.
तोंडावरची माती काढून आधी थांबायचं,
मग दोरीनं कंदील आत सोडायचा.
तेवत राहिला तर माणूस उतरायचा,
विझला तर दुपारपर्यंत कुणी वाकूनसुद्धा बघायचं नाही.
आण्णा म्हणत, कंदील लख्ख पुसलेला पाहिजे,
काजळी धरलेला फसवतो.
रोज सकाळी ते काच पुसत बसायचे,
राखेनं, किती मायेनं.

काल साहेबांनी नवा फोटो दिला.
"फ्रेम तूच उघड, तुझा हात सफाईचा."
खिळे काढले.
माझ्याखाली बिरनाळे निघाले,
बायपासनंतर परत न आलेले.
त्यांच्याखाली आवटी बाई, ज्यांना मी आखडू म्हणायचो,
त्या आल्या की मीच पहिल्यांदा गप्प व्हायचो.
सगळ्यांत तळाशी एक पिवळा पडलेला चेहरा,
त्याचं नाव कुणालाच सांगता आलं नाही.
फ्रेम तीच. नवा जुन्यावर ठेवतात.

नवा फोटो अल्ताफचा.
चांदणी मीच चिकटवली, जरा तिरकी बसली.

आज टपरीवर तो आला
आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.
मी बाकावर सरकलो, म्हटलं, "बस की लेका."
त्यानं बघितलं, बराच वेळ.
मग दोन चहा सांगितले,
"याच्यात साखर जास्त टाक रे."
फेब्रुवारीपासून मला साखर बंद आहे.
कधी सांगणार होतो, आणि कुणाला.
प्यालो.