गार होईपर्यंत

बॉनेटवर तळहात ठेवला तर ऊबदार.
सकाळचे सात, उश्बाच्या कड्यावर अजून ऊन नाही
आणि निवा म्हणे चार दिवस जागची हललेली नाही.

"मुर्झाकान," मी म्हटलं, "गार होऊ दे. मग बघू."

तो खजील. आत गेला,
चीज भरलेली भाकर घेऊन आला.
तोवर मी गाडीखाली आडवी.
फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
मडगार्डला चिकटलं, छताला चिकटलं,
दाराखालच्या पट्टीवरून मात्र टपकन पडलं.
लोखंड तिथून कधीच गेलंय;
उरलीय नुसती लांबी, वर हिरवा रंग.

डिफ लॉकचा दांडा तेवढा लखलखीत,
तेरा हिवाळे कुणीतरी ओढलेला,
हातमोजे न घालता.

"भावाचा हात," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.
मग आपणहूनच: उतारावर दुसरा गिअर निसटतो.
थंडीत ही नखरे करते, म्हणून पहाटे उठून तापवली.
लांबीही मीच भरली, मागच्या रविवारी.

किंमत काही त्याने उतरवली नाही.
मीही घासाघीस करायची विसरले.

साडेनऊ. बॉनेट दगडासारखं गार.
चोक ओढला. किल्ली.
खोकली. परत खोकली.
कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.
तिसऱ्यांदा नुसतंच टक्.

मुर्झाकान भाकरीचे तुकडे करतोय,
दोघांना पुरून उरतील इतके.

किल्ली मी अजून काढलेली नाही.
खिशात चुंबक, चुंबकाला एक वाकडा खिळा,
त्याच्याच अंगणातला.