रकाना नाही

अँब्रोसिओनं जमीन दिली ती बोटानं.
टेकाडावर उभा राहून, वाऱ्यात डोळे बारीक करून:
त्या वाकड्या माडापासून
त्या काळ्या खडकापर्यंत, जिथं भरतीला होड्या टेकतात,
आजपासून तुझं, रोसेन्दा.

लांब हाताचं देणं म्हणतात याला जुन्या पुस्तकात.
पण ते जिनसांपुरतं. भाताची पोती, दुरून दाखवलेली म्हैस.
जमिनीवर पाय टेकावा लागतो.

रोसेन्दानं दुसऱ्याच दिवशी टेकवला.
चार बांबू, निपाच्या पानांचं छप्पर,
मासे वाळवायच्या चौकटी
आणि एक पिवळं कुत्रं, कुणाचंच न ऐकणारं.
खरेदीखत तिनं दूधपावडरीच्या डब्यात ठेवलं.
डबा कोरडा होता. तिला वाटलं,
कागदाला आणखी काय लागतं?

एकोणीस महिन्यांनी अँब्रोसिओच्या होडीचं इंजिन बुडालं.
हर्मोहेनेसकडं रोकड होती.
तेव्हा ज्या बोटानं दाखवलं होतं
त्याच्या शेजारचा अंगठा त्यानं शाईत बुडवला.
एकच हात. मधे दोन बोटांची बेचकी,
तेवढ्यात सामावली दोन माणसं.

मी नोंदणी कचेरीत बसते, पनाय बेटावर,
समुद्राकडं पाठ करून.
माझ्या वहीत क्रमांक, तारीख, तास, मिनिट.
आमच्याकडं मिनिटांवर घरं उभी राहतात
आणि मिनिटांवरच कोसळतात.

मंगळवारी आठ वाजून सात मिनिटांनी
हर्मोहेनेस आला. बुटांना ओली वाळू.
मी शिक्का शोधत होते, शाई सुकली होती,
म्हणून तो बोलत राहिला, माणसं बोलतात तशी:
एक बाई आहे तिथं, मासे वाळवते,
तिचं कुत्रं अंगावर आलं माझ्या.
म्हणते, जागा आपली. पण कागद काही दाखवेना.
मी म्हटलं, बसा. आणि मिनिट लिहिलं.

कुत्र्याला माझ्या वहीत रकाना नाही.

रोसेन्दा आली पावणेबाराला.
कुणी सांगितलं, कोण जाणे. चपलेचा एक पट्टा सुतळीनं बांधलेला.
डबा उघडला तेव्हा कचेरीभर सुकटीचा वास पसरला
आणि खिडकीपाशी बसलेल्या साहेबांनी पंखा वाढवला.
तिचा कागद आधीचा. तिचा क्रमांक नंतरचा.
चार ओळींचं अंतर. मीच आखलेल्या ओळी.

ती म्हणाली, मानांग, मी राहते तिथं.
मी म्हटलं, हो.
एवढंच म्हटलं. शिक्का मारला.

कायदा तसा आंधळा नाही, उगाच बदनाम आहे.
आधी नोंदवेल त्याची जमीन, असं तो म्हणतो खरं,
पण पुढं एक बारीक शब्द आहे, सद्भावानं.
ज्याला ठाऊक होतं त्याचं आधी येणं हे येणंच नव्हे.
त्याच्या ठाऊक असण्यातच
तिची नोंद झालेली असते, न लिहिता.
हे सगळं मला पाठ आहे. मंगळवारीही होतं.

आता साक्षीला बोलावलंय मला.
वकील विचारतील, शिक्का तुमचाच ना? माझाच.
वेळ तुमच्या अक्षरात? माझ्याच.
मग ते बसायला लागतील,
आणि मी म्हणेन, थांबा,
त्या दिवशी शाई सुकली होती.

अँब्रोसिओ बाहेर जिन्यावर बसलाय.
दोन्ही घरच्यांचे पैसे खाऊन झालेत,
इंजिनही परत बिघडलंय म्हणे.
दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेत त्यानं,
जणू अजून काही देऊन टाकतील
न विचारता.