करडी

शुक्रवारी रात्री भाकऱ्या उरकल्यावर
मी वहीत आखणी करते.
दहाला सतरंजी. दहा-पाचला हातांचा खेळ.
मग गोष्ट, तीही बाराच मिनिटांची;
तेराव्या मिनिटाला तौफिकला तहान लागते
आणि एकाला लागली की सगळ्यांना.

अस्वलाचा आवाज मी गॅसपुढं उभी राहून काढून बघते.
नवरा आतून म्हणतो, घसा धरलाय काय गं? काढा घे की.
अस्वल जरा मवाळ करायला हवं.
मागच्या खेपेला भरमूची धाकटी बहीण भ्याली होती,
तिच्या आज्ज्याला खऱ्या अस्वलानं ओरबाडलंय, गुंजीच्या रानात.
इथं अस्वल पुस्तकातनं येत नाही,
फणस पिकले की परड्यातनं येतं.

नंदगडच्या या खोलीत पूर्वी सोसायटीचं खत ठेवायचे.
ओल धरली की पुस्तकांना अजून युरियाचा वास येतो.
पंधरा पोरं, आणि दाराशी एकोणतीस चपला.
खिडकीपाशी शिवलीला,
कौलांच्या भट्टीवर आलेल्या माणसांची, बैलहोंगलाकडची,
अर्धी सतरंजीवर, अर्धी फरशीवर.
पाच शनिवार झाले, तोंडातून शब्द नाही.
वहीत तिच्या नावापुढं मी प्रश्नचिन्ह काढलं होतं,
मग खोडलं.

"एक होतं अस्वल," मी म्हटलं.
"करडी," ती म्हणाली,
हळूच, स्वतःलाच सांगितल्यासारखं.
सगळी पोरं वळली.
"करडीचं तेल असतंय," उमैरा म्हणाली, "आमच्या दुकानात आहे की!"
आणि जो हशा उठला त्यात
माझी बारा मिनिटं, हातांचा खेळ, मवाळ केलेला आवाज,
सगळं तेलकट होऊन निसटलं.

शिवलीला हसली नाही. उठली.
दोन्ही हात जमिनीला टेकून, ढुंगण वर करून
सतरंजीभर चालून दाखवलं तिनं,
करडी कशी चालते ते.
भरमूची बहीण भ्याली नाही.
तीही मागोमाग चालू लागली.

मग मी सांगत गेले ते वहीत नव्हतं.
अस्वलानं फणसात तोंड घातलं,
"आमेले?"
मिशांना चीक लागला,
"आमेले?"
पुढं? म्हणायचं विसरून
पंधराच्या पंधरा आमेले, आमेले,
आणि मलाच पुढचं सुचेना.
गोष्टीला इतकं मागनं ढकलणारं कुणी
आजवर भेटलं नव्हतं.

साडेदहाला थांबायचं, ते अकरा वाजून गेले.
तौफिकला तहान लागली नाही.
लागली असेलही, त्यानं सांगितलं नाही.
सतरंजी झाडताना एक करदोटा सापडला, तीन चिंचोके,
आणि कपाटामागं एक चप्पल,
पण ती त्या तिसांतली नव्हती.

आज पुन्हा शुक्रवार. वही उघडलीय.
अस्वल अजून फणसातच आहे,
आठवडाभर, बिचारं, चिकानं माखलेलं.
तेल लावून सोडवावं म्हणते,
उमैराच्या दुकानातलं,
करडीचं.