जावई

सुरुलेरेत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला वीज गेली
तेव्हा इबिएरेच्या लॅपटॉपवर दोनच शब्द होते:
शांत झोपेसाठी
आणि पुढे टिंबं. चार दिवसांची टिंबं.

गिऱ्हाईक म्हणालेलं, काळजाला भिडेल असं काही द्या.
काळजाला! डासांच्या कॉइलनं!

खाली उतरली. जनरेटरचा धूर, शेंगदाणेवालीची चिमणी,
बाकड्यावर पा अकिनोला,
सुट्या भागांचं दुकान मिटवून बसलेले.
पोटरीवर चापट मारत म्हणाले,
"डास शत्रू नव्हे, पोरी. जावई आहे.
अवेळी येतो, पोटभर पितो,
आणि वर कानाशी कुरकुर."
अख्खं बाकडं हललं हसून.
तिनं फोन धरला: पुन्हा म्हणा.
पुन्हा म्हणताना ते जरा जास्तच छान म्हणाले,
तेवढं तिनं नंतर कापून टाकलं.

गिऱ्हाइकानं नाकारलं.
आमच्या साहेबांना पाच जावई आहेत, म्हणाले.

मग तिनं ते तसंच सोडून दिलं जगात.
सकाळपर्यंत कुणी पा अकिनोलांना बकरीचा आवाज लावला,
दुपारी सूट चढवून मंत्रिमंडळात बसवलं,
आक्राच्या एका पोरानं
त्या चापटीवर अख्खा नाच बसवला.
पा बघत राहिले. म्हणाले,
"माझ्या मयताला एवढी माणसं यायची नाहीत."

चौथ्या दिवशी कॅलाबारहून एका बाईचा आवाज आला.
एकोणीस सेकंद. मागे कुठेतरी नळ गळतोय.

"हसले हो. खूप दिवसांनी.
हे गेल्यापासून
रात्री माझ्या कानाशी
तेवढंच कुणीतरी बोलतं.
मी कॉइल लावत नाही."

इबिएरेनं ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.
जाहिरातीला उपयोग शून्य. खरं तर तोटाच.
'शांत झोपेसाठी, आजच घरी आणा'
असं लिहून पाठवलं, तर लगेच पसंत.
पैसे महिनाअखेरीला.

मग कोरं पान उघडलं.
एक ओळ लिहिली. खोडली.
नळाचा आवाज लिहिता येईना.
कानाशी काहीतरी गुणगुणलं,
हात उचलला गेला,
आणि तसाच राहिला हवेत,
जणू कुणी बोलायचं थांबेल म्हणून.

खालून पा अकिनोलांचा आवाज:
"झुरळाचं मात्र तसं नाही हां,
झुरळ म्हणजे..."