वयोगट शून्य ते तीन

मुखपृष्ठावर सोनेरी टिकली:
'सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तक, वयोगट शून्य ते तीन.'
शून्याला सध्या दात येतायत.

इंदोऱ्याच्या वाचनालयात, कूलरसमोर,
निर्वी आधी टिकली नखानं खरवडते,
मग कोपरा तोंडात.
पुठ्ठा जाड आहे,
परीक्षकांनी तसं लिहिलंच होतं म्हणा.

"अवं, खाऊन टाकन ना ते!" रंजूमावशी ओरडते.
"खाऊ दे," मी म्हणतो,
आणि रजिस्टरात नोंद करतो:
पान चार, म्हशीचं शिंग, अर्धं.

तेच पान ती उलटं धरून बघते.
तळं वर, म्हैस खाली डोकं करून.
बघते, बघते.
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा खडखडतो.

मग ओल्या शिंगावर बोट ठेवते:
"बाऊ."

जाताना टिकली तिच्या गुडघ्यावर.
आम्ही काढली नाही.