कोणते पाच महिने

कुओपिओत नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे.
खिडकीबाहेर तळं गोठू की नको या विचारात,
आणि आत, माझ्या मशीनमध्ये, दहा हजार माणसं
आपापला साखरेचा आकडा धरून उभी.

औषधानं आकडा उतरतो, एवढं चाचणीनं दाखवलं.
चाचणी दीड वर्षाची.
डोळे, मूत्रपिंडं, पावलं, काळीज यांना घाई नसते.
तेवढं थांबायला सरकारला सवड नाही, म्हणून मी.
शीत चिमटीत आहे,
भात वीस वर्षांनी शिजणार,
आणि परीक्षेचा निकाल शुक्रवारी द्यायचा.

दर वर्षाला प्रत्येकासाठी एक फासा.
मी कॉफी ओतते तेवढ्यात दोनशे जण जातात.
सुरुवातीचं बीज तेच ठेवलं
की तेच जातात, त्याच क्रमानं.
क्रमांक चार हजार सतरा
नेहमी एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्या झटक्यानं.
औषध दिलं तरी एकसष्टच.

शेजारचा वेइयो रविवारी आला,
मासे भरून भाजलेला राईचा पाव घेऊन.
तीस वर्षं त्यानं तळ्यातून ओंडक्यांचे तराफे ओढले.
त्याचा आकडा आठ पॉइंट चारवरून सातवर आलाय.
"म्हणजे मला किती मिळाले?"
सांगायला नको होतं. सांगितलं.
सरासरी पाच महिने.

तो पाव कापत राहिला.
"कोणते?"
मला कळलं नाही.
"मेपासूनचे असतील तर घेतो.
रात्री अकराला जाळं दिसतं तेव्हा.
नोव्हेंबरपासूनचे असतील
तर सरकारनंच ठेवून घ्यावेत."

मी म्हटलं, तसं नसतं ते.
कुणाला नऊ वर्षं मिळतात, पुष्कळांना काहीच नाही,
सगळं एका भांड्यात ओतून आम्ही भागतो.
"आणि बाकी?"
बाकी अहवालात लिहीत नाहीत, वेइयो.

मग का कोण जाणे,
त्याला चार हजार सतराचं सांगितलं.
त्यानं सुरी खाली ठेवली. बोटाला राईचं पीठ.
"माझ्यातले दोन दे त्याला.
हिवाळ्यातले नको देऊस."

रात्री मी मॉडेल पुन्हा चालवलं.
पहिल्यांदाच बीज बदलून.
चार हजार सतरा ब्याण्णव वर्षं जगली.
या खेपेला ती बाई होती,
आणि सिगारेट ओढत नव्हती.