एक सूत

सत्तेम्मा बोद्धूल घेऊन आली मार्कंडेयाची तसबीर,
काच तडकलेली, कडेनं कसर लागलेली.
"देव तोच राहू द्या, लाकूड तेवढं बदला," म्हणाली
आणि बाकड्यावर बसून विडीची पानं कातरू लागली.

सकाळीच मी बशीरला झापलं होतं,
पट्टीचा कोपरा एक सूत उघडा राहिला म्हणून.
एक सूत! डोळे कुठं असतात रे तुझे?

मागचा पुठ्ठा काढला. खिळे गंजून मऊ.
देवाच्या पाठीला पाठ लावून
दुसराच कागद निघाला, शिळाप्रेसचा,
चहाच्या रंगाचा झालेला.
खुर्चीत साहेब, हातात चिमटा.
समोर उघडा साळी, मान वर, पापणी ताणलेली;
साहेब त्याच्या डोळ्यातलं कुसळ धुंडाळतोय,
आणि साहेबाच्या डोळ्यातून
आडवं निघालंय मुसळ, म्हणजे मागाचं बीमच की,
सुतासकट, खोलीत न मावणारं,
खिडकीतून पार गिरणीच्या भोंग्यापर्यंत.
टोपी मात्र नीट बसलेली.

खाली एक ओळ. वाचता येईना.
दगडावर उलटं लिहिलं तर कागदावर सुलटं उतरतं,
छापखान्यात झाडू मारणाऱ्यालाही हे ठाऊक.
यानं मुद्दाम सरळ लिहिलेलं.
माझ्या दुकानात आरशांना काय तोटा. धरला समोर:
"कुसळ कसलं, सायेब? तुमच्याच कापसाचं तूस हाय."
कोपऱ्यात मुंगीएवढं नाव, शांतवन रणभिसे.
रविवारी चर्चमध्ये ऐकलेला दाखला
सोमवारी दगडावर घेतला असणार,
हात थरथरला असेल तर रेघेत दिसत नाही.

"मार्शल लॉच्या वर्षीचं," सत्तेम्मा कात्री न थांबवता म्हणाली.
"घरोघर झडती. आजोबांनी देवामागं घातलं.
शिपायानं तसबिरीला हात जोडले आन् गेला.
आमच्यात येशू नाही. पण बीम आमचंच की वो."
मग जवळ येऊन, चष्मा कपाळावर ढकलून,
"सूत उलट्या अंगानं गुंडाळलंय बघा. ताणा तुटंल अशानं."
मी आरसा पुढं केला.
बराच वेळ बघितलं तिनं.
"हां. आता बरोबर."

"दर्शनी लावू का हे?"
"नको. मागंच असू दे.
सगळे म्हणतात देव पाठीशी.
देवाच्या पाठीशी कोण?"

चार पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, ठोकले.
देव बसेना.
अर्धा इंच. माप मीच घेतलेलं.
बशीर शेजारी उभा, सरसाचा डबा हातात,
चौकटीकडं बघत.
काही बोलला नाही.

मी डोळा चोळत राहिलो,
भुसा गेल्यागत.